ऑस्टिओपोरोसिस आणि लटपटणारे घोटे: पाय वर आणा, पाठ खाली नेऊ नका

एका मुलीचा प्रश्न असा आहे: आईचं वय 66, डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, मणक्याचा टी-स्कोअर उणे 3.1 आला, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू झालीये. गेल्या वर्षभरात उजवा घोटा दोनदा मुरगळला, जिना उतरताना पाय लटपटतात. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, कुठला ते काही बोलले नाहीत. मग मुलीने व्हिडिओ बघून पावलांचे व्यायाम करून घ्यायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत आईची पाठ धरली. आता व्यायाम चालू ठेवायचे की सोडून द्यायचे?

सोडायचे नाहीत. पण पाठ नक्की कशाने दुखतेय ते कळेपर्यंत थांबा, आणि आधी डॉक्टरांना दाखवून पाठीचा एक्सरे काढून घ्या. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती, तो उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, म्हणतात, आईंचा उणे 3.1 आहे, आणि अशा हाडात मणका दबायला पडावंच लागतं असं नाही, वाकून बादली उचलली, गादी ओढली, एवढं पुरतं. घरोघरी हेच होतं, उसण भरली म्हणून बाम चोळतात, शेक घेतात, चार-सहा आठवड्यांत दुखणं कमी होतं आणि मणका दबलाय हे कोणाला कळतच नाही. एक्सरे नॉर्मल आला तर उत्तमच, मग खाली लिहिलेलं सगळं निवांत सुरू करा. मणका दबलेला निघाला तरी पावलांचे व्यायाम होतातच, फक्त कुठून सुरू करायचं ते समोर बसवून कोणीतरी फिजिओथेरपिस्टने दाखवलं पाहिजे.

आता ते व्हिडिओ. मी नेमका तुमचा व्हिडिओ बघितला नाही पण या प्रकारातले बरेच बघितलेत आणि सगळ्यांत तीच गोष्ट असते: खुर्चीत बसा, जमिनीवर टॉवेल पसरा, बोटांनी गोळा करा, मग वाकून परत पसरा. गोट्या बोटांनी उचला, मग खाली वाकून हाताने वाटीत भरा. पट्टा तळव्याला अडकवायला वाका, तळवा चोळायला वाका. पावलाला यातलं काहीच वाईट नाही. पण दर वेळी पाठीचा गोल बाक काढून माणूस खाली जातोय, आणि पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो, ठिसूळ मणका नेमका तिथेच चेपतो. तरुण खेळाडूला घोटा मुरगळल्यावर जे व्यायाम देतात तेच इथे जसेच्या तसे आणले तर घोटा सुधारतो आणि पाठ बिघडते. म्हणून माझा पहिला नियम कायम हाच असतो, पाय वर आणा, पाठ खाली नेऊ नका. पट्टा लावायचा तर पाय समोरच्या स्टुलावर. खाली पडलेलं उचलायचं तर चिमट्याने नाहीतर दुसऱ्याने. नखं कापायची ती मुलीने किंवा सुनेने कापायची, यात लाज कसली. आणि वाकणं टाळताच येत नाही तिथे पाठ सरळ ठेवून कमरेच्या खुब्यातून वाकायचं, गुडघे थोडे सैल, जसं खुर्चीत बसायला मागे जातो तसं. हे एकदा काठी पाठीला लावून शिकून घ्या, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेलं राहिलं म्हणजे बरोबर.

एक अपेक्षाही आधीच स्पष्ट करते. घोट्याच्या व्यायामाने मणक्याची किंवा खुब्याची घनता वाढून पुढचा डेक्सा सुधारेल असं काही होत नाही. ते काम औषधाचं, आणि व्यायामात बघायचं तर जड वजनांचं. ऑस्ट्रेलियात 2018 च्या एका अभ्यासात हाडं विरळ झालेल्या बायकांना चांगली जड वजनं उचलायला लावून मणक्याची घनता थोडी वाढलेली दिसली खरी, पण ते सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हळूहळू चढवत नेलेलं होतं, घरी पाण्याचे कॅन उचलून होणारं ते काम नाही. पावलं आणि घोटे आपण मजबूत करतो ते पडू नये म्हणून. मनगट आणि खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यावरच ना. ऑस्ट्रेलियातच 2011 मध्ये पावलं दुखणाऱ्या 65 वर्षांवरच्या लोकांना चपला-बुटांचा सल्ला, बुटात घालायचे आधार आणि घोट्या-पावलांचे व्यायाम असं सगळं एकत्र दिलं तर वर्षभरात पडण्याचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी झालं. औषध नाही, मशीन नाही, पाय नीट सांभाळले एवढंच.

घोट्याचं महत्त्व का, तर आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर जरा जरा डोलतच असतं आणि ते सावरायचं पहिलं काम घोटा करतो, पोटरी मागे ओढते, नडगीपुढचा स्नायू पुढे. घोटा कमी पडला की कंबर हलते, तीही कमी पडली की पाऊल टाकून तोल सावरावा लागतो. आणि बाथरूममध्ये बादली, स्टूल आणि ओली फरशी यांच्या मध्ये पाऊल टाकायला जागा असतेच कुठे.

तर सुरुवात बसून. खुर्ची हात असलेली, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, अनवाणी. पण त्याआधी आईंना उभं करून त्यांच्या पायाच्या बोटांकडे बघा बरं एकदा. तोल जाण्याची भीती असलेल्या माणसाची बोटं जमिनीला नखं रुतवल्यासारखी वाकलेली असतात, नखांच्या टोकांचा रंग पांढरा पडतो, आणि तळवा अर्धवट उचललेला राहतो. म्हणजे पकडायची सगळी धडपड बोटं करतायत आणि तळव्यातले छोटे स्नायू झोपलेत. हवाई चप्पल वर्षानुवर्षं घातली की हे अजून पक्कं होतं कारण ती पायात ठेवायला बोटं आवळावीच लागतात. म्हणून टॉवेल गोळा करायचा व्यायाम मला या वयात फारसा आवडत नाही, त्यात पुन्हा बोटं आवळायचीच सवय लागते. त्याऐवजी हे करा: बोटं सरळ आणि सैल ठेवून अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढायचं, म्हणजे पावलाची कमान किंचित वर येते आणि पाऊल इवलंसं आखूड होतं. बोटं वाकली तर चुकलं. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. पहिल्या आठवड्यात काहीच हलत नाही असं वाटतं आणि तळव्यात पेटका पण येतो, येऊ दे, थोडं थांबून परत करायचं. मग फक्त अंगठा उचला बाकीची चार खाली, नंतर अंगठा खाली आणि बाकीची चार वर. हसू येतं सगळ्यांना कारण सुरुवातीला जमतच नाही. जोडवी घट्ट झाली असतील तर काढून ठेवा किंवा सैल करून आणा, बोटं सुटी व्हायला जागा तर पाहिजे.

आईंचा घोटा दोनदा मुरगळलाय म्हणजे बाहेरच्या बाजूचे स्नायू, जे पाऊल बाहेर वळवतात ते, बहुधा ढिले पडलेत. पट्टा नसला तरी चालतं. खुर्ची पलंगाच्या पायाजवळ ठेवा, पावलाची बाहेरची कड, करंगळीची बाजू, पलंगाच्या पायाला लावून बाहेर दाबा. गुडघा हलू द्यायचा नाही, फक्त घोट्यातून दाब. सात-आठ सेकंद, श्वास न रोखता, आठ-दहा वेळा, दोन्ही पायांना. यात हालचाल नाही, वाकणं नाही, त्यामुळे पाठीला काही त्रास नाही. दोन-तीन आठवड्यांनी रबरी पट्टा घ्या, बहुतेक कंपन्यांत पिवळा हलका असतो, लाल त्याच्या पुढचा, उगीच जाड हिरवा-निळा आणून ठेवू नका. पाय स्टुलावर, पट्टा दोन्ही पावलांभोवती, आणि तो तुम्ही बांधून द्यायचा, त्यांनी नाही.

मग उभं राहून. इथे स्वयंपाकाचा ओटा यासारखी दुसरी सोय नाही, जड, न हलणारा, कमरेच्या उंचीचा. डायनिंगची हलकी प्लास्टिक खुर्ची धरून करू नका, ती माणसासकट येते. ओट्यावर दोन्ही हातांची बोटं टेकवायची, घट्ट धरायचं नाही, फरशी कोरडी आणि पायात मागे पट्टा असलेली सपाट चप्पल किंवा बूट. टाचा वर उचला दोन मोजत, वर क्षणभर थांबा, आणि चार मोजत खाली या. खाली येणं हळू हवं, पोटरीला खरा व्यायाम त्यातच होतो. बहुतेकजणी इथे एक गोष्ट चुकतात, टाचा वर गेल्या की भार करंगळीच्या बाजूला सरकतो आणि घोटे बाहेर झुकतात, म्हणजे ज्या दिशेला पाय मुरगळतो त्याच दिशेची प्रॅक्टिस. भार अंगठ्याच्या मुळावर राहिला पाहिजे. नातवाचा टेनिस बॉल दोन घोट्यांच्या मध्ये पकडायला द्या, आतल्या हाडांच्या खाली, आणि तो न पाडता टाचा वर करायला सांगा, सरळ जातात मग. बॉल तुम्हीच बसवून द्यायचा हे सांगायला नकोच. दहा वेळा, विश्रांती, परत दहा. दुधावर लक्ष ठेवत उभ्याच असतात ना त्या, तेवढ्यात होतं. फक्त पेटलेल्या गॅससमोर नाही, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला.

याचं उलटं, म्हणजे चवडे उचलणं, हे लोक विसरतात आणि माझ्या मते या वयात ते पोटरीपेक्षा जास्त कामाचं आहे. पायपुसण्याच्या कडेला, उंबऱ्याला, गालिच्याच्या दुमडीला जे पाऊल अडतं ते चवडा पुरेसा उचलला जात नाही म्हणून. भिंतीला पाठ आणि माकडहाड टेकून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, दोन्ही चवडे वर, तीन सेकंद, खाली. दहा वेळा करून नडगीच्या पुढे भाजल्यासारखं वाटलं तर बरोबर चाललंय. शेजारी धरायला काहीतरी असू द्या.

पोटऱ्या आखडलेल्या असतील तर घोटा पुढे वाकतच नाही, मग जिना उतरताना टाच लवकर उचलली जाते आणि लटपट होते. भिंतीला हात, एक पाय मागे, टाच जमिनीवर, तीस सेकंद गुडघा सरळ ठेवून आणि तीस सेकंद किंचित वाकवून. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली लोंबवायचा प्रकार करू नका, त्यात फायदा थोडा जास्त असेल पण सटकलं तर मागे पडतो माणूस.

तोलाचे व्यायाम रोज, ताकदीचे आठवड्यातून तीनदा. खोलीचा कोपरा शोधा, पाठ कोपऱ्याकडे, समोर जड खुर्ची, म्हणजे कुठेही गेलं तरी आधार आहे. आधी पावलं जोडून दहा सेकंद, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकापुढे एक टाचेला अंगठा लावून, शेवटी एका पायावर. टाचेला अंगठा लावून दहा सेकंद आधाराशिवाय उभं राहता येत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला धरतात, म्हणजे घरच्या घरी बघायची एक सोपी कसोटी पण झाली ही. एक पायरी सहज जमली की मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवत करा, कारण हाक आली म्हणून वळतानाही बरेचजण पडतात. डोळे मिटून करायची घाई नको, आणि मिटायचेच तर तुम्ही शेजारी उभ्या असताना. वृक्षासन येत असेल तर भिंतीशी जरूर करा, ताडासनही करा. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं मात्र बंद, क्लासमधल्या बाईंना तसं स्पष्ट सांगा, चांगली शिक्षिका असेल तर ती रागावत नाही, पर्याय देते.

"रोज चालायला जातेच की" हे उत्तर तुम्हाला मिळणार आहे. चालणं चांगलंच, मन आणि साखर दोन्हीला, पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं दिसलेलं नाही. ज्यांचे पाय आधीच लटपटतात त्यांनी खड्डे आणि उखडलेल्या फरश्यांच्या फुटपाथवर एकट्याने जोरात चालायला जाणं तर मी थांबवते. आधी दीड-दोन महिने ताकद आणि तोल, मग फेऱ्या वाढवा. ताकद जाणवायला साधारण सहा-आठ आठवडे लागतात, त्याआधी फरक नाही म्हणून सोडू नका.

काही गोष्टी थेट नको म्हणून सांगते. टाचा जोरात आपटून हाडं मजबूत करायचे जे व्हिडिओ फिरतात ते पाठीचा एक्सरे नॉर्मल असल्याशिवाय बिलकुल नाही. डुगडुगती फळी, फुगीर उशी, बोसू म्हणजे तो अर्धगोल फुगवलेला चेंडू वगैरे घरी एकटीने नाही. आणि त्या काटे-काटेवाल्या अ‍ॅक्युप्रेशर चपला, ज्या प्रत्येक प्रदर्शनात विकायला असतात, त्या द्या कोणाला तरी, नाही तर कोणालाच देऊ नका. तळव्याला बधिरपणा असेल तर त्यात जखम होऊन कळतही नाही आणि उंच-सखल तळामुळे तोल अजून जातो. त्यावरून आठवलं, आईंना मधुमेह आहे का, पायाला मुंग्या येतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल किंवा पूर्ण शाकाहार असेल तर बी-12 कमी असू शकतं आणि मग तळव्यांना जमीनच नीट कळत नाही, कितीही टाचा उचलल्या तरी लटपट राहते. बी-12 आणि डी दोन्ही तपासून घ्या. डी कमी असेल तर स्नायूच अशक्त होतात.

पायात काय घालता हे व्यायामाइतकंच महत्त्वाचं. घरात अनवाणी किंवा मोज्यांवर गुळगुळीत टाइल्सवर फिरणं बंद. मागे पट्टा किंवा टाचेला पूर्ण आधार, तळ पातळ आणि टणक, गादीसारखा मऊ नको, मऊ तळात घोट्याला जमिनीचा अंदाज येत नाही. हातात घेऊन पिळून बघा, कपड्यासारखी पिळली गेली तर ठेवून द्या, बोटांजवळ वाकली पाहिजे फक्त. संध्याकाळी घ्यायला जा, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाच माप बरोबर कळतं. रात्री भेगांना तेल किंवा व्हॅसलीन लावायची सवय असेल तर लावून लगेच मोजे, आणि उठताना मोजे काढून चप्पल, तेलकट टाचेने रात्री संडासला जाताना घसरलेल्या बायका मी कमी बघितल्या नाहीत. गाऊन घोट्याच्या वर येईल एवढा कापून शिवून घ्या.

आठवड्याची गोळी जर अ‍ॅलेन्ड्रोनेट असेल तर रिकाम्या पोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. तो अर्धा तास ओट्यापाशी टाचा-चवड्यांना वापरा, निदान आठवड्यातला एक दिवस तरी चुकत नाही. फक्त त्या वेळात वाकून केर काढणं वगैरे नको, गोळी घशाशी येते.

दुखण्याचा फरक ओळखायला शिकवा त्यांना. पोटरी, नडगीचा स्नायू एक-दोन दिवस आंबल्यासारखा दुखला तर ठीक आहे. पण पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय, चाललं की वाढतंय, थोडी सूज आहे, किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळ येते, तर व्यायाम त्या दिवशीच थांबवा. पावलाच्या हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो आणि तो सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही, "एक्सरे नॉर्मल आहे" म्हणून चालत राहू नका, दुखणं तसंच असेल तर एमआरआयचं विचारा. गोळी बरीच वर्षं झाल्यावर मांडीत किंवा जांघेत कळ यायला लागली तर तेही लगेच डॉक्टरांना सांगायचं असतं, मांडीच्या हाडाला तडा जाण्याचा तो वेगळा प्रकार आहे.

जिन्याचं राहिलं. उतरताना कठडा धरलेला, पूर्ण पाऊल पायरीवर, आधी उजवा म्हणजे कमजोर पाय खाली आणि मग डावा, एका पायरीवर दोन्ही पाय आणून मग पुढची. हातात पिशवी नको, ती तुम्ही घ्या. त्यांचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर खालच्या भागातून पायरीची कड धूसर दिसते, लटपट होण्याचं अर्धं कारण तेच असू शकतं, जिन्यासाठी लांबचा साधा चष्मा वेगळा करून घ्या आणि पायरीच्या कडेला रंगीत पट्टी चिकटवा.

आणि आज घरी एक करा, आईंची उंची भिंतीला उभं करून मोजा आणि जुन्या पासपोर्टवर किंवा त्यांना आठवत असेल त्या तरुणपणीच्या उंचीशी ताडून बघा. चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर पाठ दुखत नसली असती तरी एक्सरे काढायला सांगितला असता. तो रिपोर्ट, उंची आणि चालू गोळ्यांची यादी एवढं कळवा, मग वजन घेऊन करायचे प्रकार कधी सुरू करायचे ते सांगते.